सुजाताचा डावा हात

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही दोघं अहिवाऱ्याला गेलो ते पातेली परत करायला. घरी भिक्खूंचा परित्राण पाठ आणि जेवण होतं, त्यासाठी माझ्या ऑफिसातल्या हेमराजकडून दोन मोठी पातेली आणली होती. मी चरोद्याच्या रेल्वे यार्डात क्लार्क आहे. सुजाता, माझी बायको, भिलाईच्या पोलाद प्लांटच्या मशीन शॉपमध्ये टर्नर. तेव्हा मात्र 'टर्नर होती' असं म्हणायची वेळ आली होती. आदल्या दिवाळीत रिसालीच्या वळणावर तिची स्कूटी घसरली आणि डावं मनगट दोन ठिकाणी मोडलं. आत प्लेट बसवली, हाड जुळलं, पण बोटं अर्ध्यावर येऊन थांबायची. मूठ म्हणून वळायची नाही.

एकोणीस वर्षं लेथवर उभी राहिलेली बाई. नुसतं नख फिरवून ती सांगायची, हा शाफ्ट केसभर जाड आहे, आणि मापून पाहिलं की तसंच निघायचं. तिला आता टूल स्टोअरच्या खिडकीशी बसवलं होतं, पाने-हातोडे मोजून द्यायला. जूनमध्ये मेडिकल बोर्ड ठरवणार होतं, मशीनवर परत घ्यायचं की कायमचं खिडकीशीच ठेवायचं. ती रडली वगैरे नाही. पण ज्या दिवशी बशी डाव्या हातातून सुटून फुटली, त्या दिवशी ती जेवली नाही, एवढं मला आठवतं.

तर हेमराजच्या शेजारी मनकर्णा आजी राहते. एकटी, सत्तरी पार केलेली. तिच्या रिकाम्या गोठ्यात पोत्यांखाली एक जुनी जावा मोटरसायकल पडली होती. पन्नासेक वर्षांपूर्वीची, लाल टाकीची. इंजिन जागेवर नव्हतंच. ते शेजारी रॉकेलच्या दोन डब्यांत, सुटं सुटं.

"आमच्या यायनं खोलली अन् तिसऱ्या दिवशी गेले," आजी म्हणाली. तिचे यजमान केवलराम खाणीत मेकॅनिक होते. झोपेतच गेले म्हणे, सव्वीस वर्षं झाली.

सुजाता डब्यापाशी बसली. एक बेअरिंग उचललं, कानाशी धरलं आणि फिरवलं. मग दुसरं. प्रत्येक भाग तेलकट फडक्यात गुंडाळलेला, प्रत्येकावर गाठ मारलेली, आणि सगळ्या गाठी एकाच पद्धतीच्या. कितीतरी वेळ ती त्या गाठींकडेच पाहत राहिली.

"काय हात असन या माणसाचा," ती मला हळूच म्हणाली.

आजी तिच्याकडे पाहत होती. याआधी भंगारवाले आले, शौकीन पोरं आली, तिनं कोणाला गाडीला हात लावू दिला नव्हता असं हेमराज म्हणाला. सुजाताला मात्र ती म्हणाली, "घेऊन जा, बाई. तू जोडशीन."

सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात गाडी आली, आणि माझी बायको मला परत दिसली. हे मी आधी सांगितलं पाहिजे, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिच्याबद्दल भलतंच काही समजाल. तीन महिने मी जे पाहिलं ते भीती वाटण्यासारखं नव्हतं, पाहत राहावं असं होतं. डाव्या हातात पाना धरता येत नव्हता, तर तिनं जुन्या चामडी पट्ट्यानं तो मनगटाला बांधला. चाकाच्या छत्तीस तारा तिनं एकेक करून ओवल्या, चाक गुडघ्यांत धरून, आणि उजव्या हातानं ताण देत देत ते इतकं सरळ केलं की फिरवल्यावर फिरतंय की थांबलंय ते कळू नये. तिला नुसती जुनी गाडी उभी करायची नव्हती. रोज चालवता येईल अशी हवी होती. म्हणून सहा व्होल्टचं वायरिंग काढून बारा व्होल्टचं घातलं, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक बसवला, आणि तो चाकाला जोडायला लागणारी ॲल्युमिनियमची चकती ओळखीच्या वर्कशॉपात स्वतः उभं राहून कातून घेतली. रंगाला मात्र हात लावला नाही. टाकीचा तो विटका लाल रंग तसाच ठेवला.

मेमध्ये काम क्लचवर येऊन अडलं. क्लचला पाच स्प्रिंगा असतात. एका हातानं स्प्रिंग जोर लावून दाबायची आणि दुसऱ्यानं तिच्यात खिट्टी घालायची. दोन धडधाकट हातांचं काम. चार दिवस ती प्रयत्न करत होती. मी मदतीला बसलो तर माझ्या हातून स्प्रिंग उडून भिंतीवर आपटली. पाचव्या दिवशी तिनं सगळं तसंच टाकून वरून कापड झाकलं आणि ड्यूटीवर निघून गेली.

त्या दिवशी माझी सकाळची पाळी. अडीच-तीनला घरी आलो. भिलाईची मेमधली दुपार तुम्हाला माहीत असेल. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. सगळ्या क्वार्टरांची दारं बंद, कूलरची एकसुरी घरघर, आणि उन्हानं पांढरे पडलेले गुलमोहर. मी हातपाय धुतले. तेवढ्यात वीज गेली, कूलर थांबला, आणि त्या शांततेत मागच्या व्हरांड्यातून आवाज आला.

कर्र... थांबून पुन्हा कर्र... लोखंडावर लोखंड फिरण्याचा. सावकाश, घाई नसलेल्या माणसाचा.

मला वाटलं, सुजाता लवकर आली. मन लावून काम करत असेल तर हाक मारू नये, म्हणून मी खाटेवर पडून राहिलो. आवाज ऐकत राहिलो. खरं सांगतो, बरं वाटत होतं. रॉकेलचा वास येत होता आणि त्यात आणखी एक वास, ओल्या चुन्यासारखा. मला डुलकी लागली.

जाग आली ती पुढच्या फाटकाच्या कडीनं. सुजाता आत येत होती. खांद्याला डबा, कपाळावर घाम, ड्यूटीवरून थेट.

"तू मागं होती ना?" मी विचारलं.

"मी आत्ताच येऊन राहिली," ती म्हणाली.

आम्ही दोघं मागे गेलो. मागचं दार आतून बंद होतं, मीच कडी काढली. कापड नीट चौकोनी घडी करून बाजूला ठेवलेलं होतं. क्लच बसवलेला होता. पाचही स्प्रिंगा, पाचही खिट्ट्या, आणि मधला मोठा नट आवळून त्याची लॉकची पट्टी वाकवलेली.

सुजातानं दिव्याची काच पुसावी तसं त्यावर बोट फिरवलं. ती घाबरेल म्हणून मी तिचा खांदा धरायला गेलो, तर तिचा चेहरा... पहिल्यांदा तिला लेथवर काम करताना पाहिलं तेव्हा माझा झाला असेल, तसा तो होता.

"नरेश," ती कुजबुजली, "हे माह्यापेक्षा चांगलं केलं आहे."

गाडी परत देऊन येऊ, असं मी त्या संध्याकाळी तिला म्हणालो. दुसऱ्या दिवशीही म्हणालो. तिनं भांडण केलं नाही. एवढंच म्हणाली की ज्यानं केलं त्यानं काही बिघडवलेलं नाही, आणि आपण बोर्डापर्यंत थांबू. मला नाही म्हणवेना. सहा महिन्यांत पहिल्यांदाच तिला कशासाठी तरी थांबावंसं वाटत होतं.

आठ-दहा दिवसांनी मी पुन्हा दुपारचा घरी होतो. तिची सुट्टी होती. जेवण करून ती मागे गेली, मी आत पेपर घेऊन बसलो. कर्र... कर्र... सुरू झालं. या वेळी मी उठलो आणि स्वयंपाकघराच्या जाळीतून पाहिलं.

सुजाताच होती. इंजिनासमोर पाटावर बसलेली, पाठ ताठ. डावा हात चालत होता. पट्टा सोडून बाजूला टाकला होता, आणि त्या हाताची मूठ पान्यावर पूर्ण वळली होती, नखं तळव्याला टेकेपर्यंत. उजवा हात मांडीवर पडला होता, झोपलेल्या माणसाचा असावा तसा.

मी व्हरांड्यात जाऊन तिचा चेहरा पाहिला. डोळे मिटलेले होते.

"सुजाता..."

हात थांबला नाही. नट पूर्ण आवळला, पाना उलटा करून फडक्यावर ठेवला, फडक्याला गाठ मारली. मग बोटं हळूहळू उघडली आणि अर्ध्यावर येऊन थांबली, नेहमीसारखी. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, चहा ठेवला का?

जे पाहिलं ते मी तिला सांगितलं नाही. कदाचित ती मूठ वळलेली पाहून मला आनंदही झाला होता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी पाचला, गाडी सुरू झाली. तिसऱ्या किकला. आधी निळा धूर, मग तो भरदार आवाज, खोलातून येणारा. शेजारचे रिटायर फोरमन पंजाबराव बनियनवरच धावत आले. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून पुढचा ब्रेक पाहिला, आणि सुजाताला म्हणाले की प्लांटमध्ये चाळीस वर्षं काढली पण घरच्या व्हरांड्यात असं काम होताना पाहिलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. भीती त्या क्षणी कुठे गेली होती कोण जाणे.

बोर्डासमोर डॉक्टरांनी तिच्या हातात पकड मोजायचं यंत्र दिलं. तिनं उजव्यानं दाबलं, मग डाव्यानं. डॉक्टरांनी काटा पाहिला, पुन्हा दाबायला सांगितलं, आणि विचारलं, आप लेफ्टी हैं क्या? ती नाही म्हणाली. डाव्या हाताचा जोर उजव्याच्या जवळजवळ दीडपट भरला होता. प्लेटचा एक्स-रे त्यांनी उजेडात धरून बराच वेळ पाहिला, आणि तिला मशीनवर जायला फिट लिहून दिलं.

त्या आठवड्याच्या रविवारी सुजाताच्या मनात आलं, आजीला गाडी दाखवून येऊ. ती चालवत होती, मी मागे. रस्ताभर लोक वळून पाहत होते. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून बसलो होतो, आणि माझ्याएवढा अभिमान त्या दिवशी अख्ख्या जिल्ह्यात कोणाला वाटत नसेल.

आवाज ऐकून मनकर्णा आजी दारात आली. गाडीकडे पाहिलं, टाकीवरून हात फिरवला, डोळे पुसले. सुजाताला जवळ घेऊन म्हणाली, "केलंस गं बेटा." आम्हाला ओसरीवर बसवलं, चहा ठेवायला आत गेली.

मी उन्हाबद्दल काहीतरी बोलत होतो. सुजाता हं-हं करत होती, मग तेही थांबलं. तिच्याकडे पाहिलं तर ती अंगणात कुठंतरी नजर लावून बसली होती. डाव्या हातात काही नव्हतं. पण त्याचा अंगठा त्याच हाताच्या बोटांवर हळूहळू घासत होता. चुना लावलेला तंबाखू मळतात, तसा. मग तिनं हात दोनदा झटकला, भुकटी उडवावी तसा, आणि पुन्हा मळायला लागली. सुजातानं आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्लेली नाही.

आजी चहाचे कप घेऊन उंबऱ्यात आली होती. ती त्या हाताकडे पाहत होती. किती वेळ, ते मला कळलं नाही. मग तिनं कप खाली ठेवले, मागे पडलेला पदर दोन्ही हातांनी डोक्यावर घेतला, कपाळापर्यंत ओढला, आणि नजर जमिनीकडे वळवली.

"इतका उशीर कावून लावला जी?" ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली.

मी उठणार होतो. त्याआधीच उत्तर आलं.

सुजातानं मान वर केली नाही. अंगठा चालूच होता. आवाज तिचाच होता, फक्त थकलेला.

"रस्त्यात कवडू भेटला."

आमच्या माहितीत कवडू नावाचं कोणी नाही. ना तिच्या माहेरी, ना प्लांटमध्ये, ना माझ्या ऑफिसात. आजीनं मात्र नुसती मान हलवली, भिंतीला धरून खाली बसली आणि विचारलं, "आपलं लेकरू बरं हाय ना?"

"हो," सुजाता म्हणाली. "मोठा झाला."

थोड्या वेळानं तिनं चहाचा कप उचलला, उजव्या हातानं, आणि मला म्हणाली, नरेश, तुझा निवून चालला. आजी आत निघून गेली होती. आम्ही हाक मारली तरी ती परत बाहेर आली नाही, पण चुलीपाशी बसून ती हलक्या आवाजात कोणाशी तरी बोलत होती.

निघताना सुजातानं एका किकमध्ये गाडी सुरू केली आणि मला बसायला खुणावलं. मी मागे बसलो. अहिवाऱ्यापासून सेक्टर दोनपर्यंत, सगळ्या खड्ड्यांतून, मी सीटची कड दोन्ही हातांनी धरून आलो. समोरच्या खांद्यावर हात ठेवायची माझी हिंमत झाली नाही.