माध्यमबाह्य

बाणेरच्या प्रयोगशाळेत फिरोज मुजावरने पडद्यावरचा आलेख हेमांगीसमोर सरकवला.

"ताई, हा चष्मा बिघडलाय का बघा. जाहिरातींकडे अवधान जवळजवळ शून्य."

चष्मा हेमांगीच्या सासूबाईंचा होता. अवधानमापी त्याच्या काड्यांत बसवलेला असे. माणसाची नजर कुठे आहे आणि त्याच वेळी मेंदू किती गुंतलाय, दोन्ही तो एकदम नोंदवी. त्यामुळे टीव्ही, मोबाइल, रस्त्यावरचे फलक सगळे एकाच मापाने मोजता येत. हेमांगीनेच तो बनवला होता. चाचणीसाठी माणसं कमी पडली, तेव्हा तिने एक चष्मा घरीही नेला होता.

"आई तर दिवसभर टीव्हीसमोर असतात," ती म्हणाली.

"बसतात. बघत नाहीत."

तिने चष्मा तपासला. तो ठीक होता.

"मग अवधान जातंय कुठे?" फिरोज म्हणाला. "जागेपणी माणसाचं एकूण अवधान ठरलेलं असतं, हा तुमचाच सिद्धान्त. इथे कमी झालं, तर दुसरीकडे वाढायला हवं."

"माध्यमबाह्य नोंदी काढ. पडदे, फलक सोडून बाकीच्या."

त्याने त्या काढल्या आणि पुन्हा एकदा पडताळून पाहिल्या. "ताई, हे सगळं तुमच्यावर आहे. तुम्ही घरात असलात की तुमच्यावर. नसलात की दाराकडे."

हेमांगीने मान हलवली. नवरा, श्रीधर, गेल्यापासून ती अशीच मान हलवी. त्याच्या दिवसकार्यातही तिला रडू आलं नव्हतं. सासूबाई ताट वाढून ठेवत, ती जेवून उठे. समोर कोण बसलंय, हे तिने पाहिलं नव्हतं.

आलेख संचालक पारसनीसांपर्यंत पोहोचला. त्यांनी तिला बोलावून घेतलं. आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"अवधान जिथे, जाहिरात तिथे. हे आपलं सूत्र. बरोबर?"

"हो."

"मग तुमच्या सासूबाईंसाठी माध्यम तुम्ही आहात. अशी घरं लाखो असतील. कुणीतरी कुणाकडे तरी बघत बसलेलं. आजवर ते मोजताच येत नव्हतं." त्यांनी कागद पुढे केला. "सक्ती नाही. बोलता बोलता एकदा नाव यावं, इतकंच. सध्या एक चहा आहे. सोनसाय."

नकार द्यायला हवा, हे तिला कळत होतं. पण नकारासाठी जो राग लागतो, तो आतून वर येईना. तिने कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

ती घरी आली तेव्हा टीव्ही चालू होता आणि सासूबाई दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. हेमांगी पहिल्यांदाच त्यांच्यासमोर बसली. त्या वाळल्या होत्या. गळ्यातली माळ सैल झाली होती. त्या काही विचारत नव्हत्या, फक्त पाहत होत्या.

काहीतरी बोलायला हवं होतं. हेमांगीने श्रीधरबद्दल बोलायचं ठरवलं, पण शब्द जुळेनात. तब्येतीचं विचारावं, तर इतके दिवस का विचारलं नाही, हे आधी सांगावं लागलं असतं. शोधून शोधून तिला एकच वाक्य सापडलं.

"आई, आपण तो सोनसाय चहा आणू या का?"

सासूबाईंचे डोळे भरून आले.

"आणू या की," त्या म्हणाल्या. "तू म्हणशील तो आणू या."