मास्तरांचा बंद मेलबॉक्स

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या मागे लागणार नाही. पण हे घडलं तेव्हा मी तिथे होतो. माझ्या मोठ्या बहिणीच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर.

आणि रात्र नव्हती. रविवारची भर दुपार होती.

ताई एका कंपनीचा ईमेल सर्व्हर सांभाळते. गेल्या वर्षी तिचा पाय मोडला, प्लॅस्टर घातलं. नेमकं त्याच काळात सर्व्हरनं छळायला सुरुवात केली. रोज दुपारी तीनच्या सुमारास तो हळू व्हायचा आणि मग बसायचाच. कंपनीभर बोंबाबोंब. साहेबांनी सांगून टाकलं, सोमवारपर्यंत नीट झालं नाही तर काम बाहेरच्या लोकांना देऊ.

म्हणून रविवारी आम्ही गेलो. मी ड्रायव्हर आणि हमालही.

"मेमरी लीक आहे," ताई गाडीत म्हणाली.

"म्हणजे गळती?"

"पाहुणे येतात, जेवतात, निघून जातात. पण खुर्च्या मोकळ्या होत नाहीत. शेवटी नव्या माणसाला बसायला जागाच उरत नाही. तसं."

ऑफिस रिकामं होतं. हॉलमधले सगळे कॉम्प्युटर बंद. हॉलच्या टोकाला काचेच्या दारामागे सर्व्हरची खोली, आत बर्फासारखी थंडी. ताई लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. मला थंडी सोसेना, मी दाराशी उभा राहिलो.

सर्व्हर ताईच्या आधी ज्यांच्याकडे होता, त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. कुणी काही विचारलं की शिकवायलाच बसायचे. त्या रविवारच्या वर्षभर आधी ते अचानक वारले. त्यांचा मेलबॉक्स ताईनंच बंद केला होता. त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नव्हती.

तीन वाजत आले.

टक... टक टक...

कुणीतरी टाइप करत होतं.

मला वाटलं ताईच. मी वळून पाहिलं. तिचे दोन्ही हात काखेत होते, ऊब घेत होती.

"तू ऐकलंस?" मी विचारलं.

"जा, बघ जरा."

मी हॉलमध्ये गेलो. आवाज थांबला. सगळ्या खुर्च्या जागेवर, सगळे स्क्रीन काळे. बाथरूमसुद्धा पाहिलं.

कुणी नव्हतं.

परत आलो तर ताई लॅपटॉपच्या स्क्रीनकडे एकटक बघत होती.

"एक मेल आलाय," ती हळूच म्हणाली. "मास्तरांच्या पत्त्यावर. तो मेलबॉक्स आता नाहीच. मेल परत जायला हवा. पण सर्व्हरनं तो आत घेतलाय आणि धरून बसलाय. रोज हेच होत असणार."

"पाठवलाय कुणी?"

"वहिनींनी."

म्हणजे मास्तरांच्या बायकोनं.

"काय लिहिलंय?"

"दुसऱ्याचा मेल मी वाचत नाही."

तिनं मेमरीचा आकडा पाहिला. मग म्हणाली, "मेमरी भरत चाललीय बघ. जणू कुणीतरी मेल उघडून बसलंय."

टक... टक टक टक...

या वेळी आवाज हॉलमधून नव्हता. खोलीतूनच येत होता. दोन मशीनांच्या मधून, जिथे माणूस मावणार नाही अशा जागेतून.

आणि घाईनं. निरोप पुरा करायची घाई असावी, तसा.

"ताई, उठ. निघू आपण."

"झालंच." बंद पत्त्यावरचा मेल आत न घेता तिथूनच परत पाठवायचा, एवढीच दुरुस्ती होती. तिनं ती केली आणि सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला.

पंखे थांबले. टकटकही थांबली.

मधेच.

पंखे पुन्हा सुरू झाले. टकटक नाही झाली. मेमरी जागच्या जागी स्थिर. आम्ही कुलूप लावलं आणि खाली आलो.

गाडी सुरू करतो तोच ताईचा फोन वाजला. वहिनी होत्या. ताईनं स्पीकर लावला.

"अगं, माझा मेल परत आला. असं कधी झालं नव्हतं."

"वहिनी," ताई म्हणाली, "तो पत्ता बंद आहे. वर्षभरापूर्वीच केलाय. तुमचे मेल चुकून आत जात होते, इतकंच."



"पण ते उत्तर देतात ना गं."

ताईनं माझा हात घट्ट धरला.

"रोज एखादीच ओळ असते," वहिनी सांगत होत्या. आवाज अगदी साधा, शेजारणीशी बोलावं तसा. "गॅस बंद केलास का. लेकीचा खोकला बरा आहे का. कुणी वेडं म्हणेल म्हणून मी बोलले नाही. आजही आलं, पण अर्धवट. मी घाबरून लगेच विचारलं, काय झालं. तो मेल परत आला."

"आज काय लिहिलं होतं?"

वहिनींनी वाचून दाखवलं.

"आत कुणीतरी आलंय. एक बाई बसलीय, आणि दाराशी..."

"पुढे?"

"पुढे काहीच नाही."

ताईनं दुसऱ्याच दिवशी सगळं तपासलं. त्या सर्व्हरवरून वहिनींना एकही मेल गेलेला नव्हता. ना त्या दिवशी, ना आधी कधी.

मग तिनं गुपचूप दुरुस्ती काढून टाकली. गळती पुन्हा सुरू झाली. आता साहेबांच्या शिव्या खात ती रोज दुपारी सर्व्हर हातानं सांभाळते. वहिनी अजून लिहितात. मेल आत जातात, मेमरी भरते.

उत्तर मात्र येत नाही.

"मग आत वाचतंय कोण?" मी एकदा विचारलं. ताईनं विषय बदलला.

मला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीनं. ते अर्धं वाक्य. बाई म्हणजे ताई, हे उघड आहे. दाराशी मी होतो. मग एवढी घाई कशाची होती? माझ्यासारख्या माणसाला पाहून घाबरण्यासारखं काय आहे?

दाराशी मी एकटाच उभा होतो, असं मी इतके दिवस धरून चाललोय.