निरोगी म्हणून दिलेलं रक्त

प्रयोगशाळेतल्या बाईंचं काम ठरलेलं होतं. झोपेत ज्यांचा श्वास अडतो, त्यांच्या रक्तातला गंज मोजायचा. प्राणवायू तुटत-मिळत राहिला की रक्तात जे बिघडतं, त्याला त्या गंजच म्हणत. तुलनेसाठी एका धडधाकट माणसाचं रक्त लागे आणि ते कर्मचाऱ्यांनी घरून आणायचं, असा तिथला शिरस्ता होता. बाईंनी नवऱ्याचं आणलं. तो घोरता घोरता मध्येच गप्प व्हायचा आणि तपासणीचं नाव काढलं की म्हणायचा, "मला काय धाड भरलीय?" म्हणून बाईंनी नळीवर 'निरोगी' अशी चिठ्ठी चिकटवून गुपचूप सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं.

निरोगी माणसाचा आकडा दोनच्या आसपास येतो. त्याचा सात आला. बाईंनी नळी फ्रीझरमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी तीच गोठवलेली नळी पुन्हा मोजली, तर नऊ.

"फ्रीझर बिघडला असेल," विभागाचे डॉक्टर म्हणाले.

पण शेजारच्या चाळीस नळ्यांचे आकडे तसूभरही हलले नव्हते.

बाईंनी विभागातलं श्वासाचं यंत्र घरी नेलं आणि रडून-भेकून नवऱ्याला रात्री मास्क लावायला लावला. सकाळी त्याच नळीचा आकडा तीन.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "साठवलेलं रक्त बिघडतं, बाई. सुधारत नाही." त्यानंतर त्यांनी त्या नळीला हात लावला नाही.

बाईंना मात्र ती नळी जिवापाड झाली. नवरा रात्री मास्क काढून फेकी आणि सकाळी साळसूदपणे नाही म्हणे. नळी खरं काय ते सांगे.

शनिवारी त्याला सुट्टी होती. जेवून जरा आडवा होतो, म्हणाला होता. दुपारी दीडला आकडा अकरा आला. दोनला सोळा.

बाईंनी घरी फोन लावला. पुन्हा लावला. वाजत राहिला.

अडीचला शून्य.

जिवंत माणसाच्या रक्तात शून्य येत नाही. त्यांनी मोजायचं यंत्र तपासून पुन्हा मोजलं. शून्य.

तेवढ्यात त्याचाच फोन आला.

"अगं, किती फोन केलेस, मला जागच आली नाही, इतकी शांत झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती बघ, मास्कबिस्क काही लावला नव्हता, आता चहा टाकतोय, येताना ब्रेड घेऊन ये, आणि तो पडदा..."

बाई खुर्चीत बसल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

तो बोलतच होता. पडद्याचं, शेजाऱ्यांचं, पुढच्या सुट्टीचं. पाच मिनिटं झाली.

बाईंनी डोळे पुसले आणि फोन कानाशी घट्ट धरला. तो मध्ये कुठेतरी श्वास घेईल, याची त्या वाट पाहत होत्या.