निनादचा उजवा हात

ऐका पोरांनो. निनाद साठे माझ्याच ऑफिसात होता. हुशार, आणि आपली हुशारी जगाला ऐकवणारा. बायकोला म्हणायचा, "तुला कळणार नाही." ऑफिसबॉयला, "तुला कोणी विचारलं?"

गेल्या वर्षी शबे-बरातच्या रात्री त्याला दुबईत, ऊद मेथा भागातल्या एका फ्लॅटमध्ये सिग्नल मोजायचा होता. बिल्डिंग पाडायची म्हणून रिकामी केलेली. काम साधं. किचनमध्ये ट्रान्समीटर. बेडरूममध्ये स्टँडवर मोबाईलएवढी डबी, तिच्यात चार अँटेना. भिंतींवर आपटत सिग्नल प्रत्येकीपर्यंत कसा पोचतो, ते बघायचं. अट एकच, बेडरूममध्ये माणूस नको. आपलं शरीर सिग्नल खातं. डबी नुसती हातात धरली तरी आकडे पडतात.

ट्रान्समीटरपाशी रत्नागिरीचा मुझम्मिल होता. म्हणाला, "सर, आज लवकर सोडाल? अब्बांसाठी दुआ मागायची आहे."

"मेलेले थांबतील. त्यांना कुठे उद्या ऑफिस आहे?"

इरा, "सो मीन" काय? होताच तो तसा. अथर्व, दात काढू नकोस, तोही असाच हसायचा.

बेडरूमचं दार लावून निनाद हॉलमध्ये लॅपटॉपसमोर बसला. स्क्रीनवर चार रेषा, चार अँटेनांच्या. सरळ चाललेल्या. मग दोन खाली आल्या.

"मुझम्मिल, आत कशाला गेलास?"

"मी इकडेच आहे, सर." आवाज किचनमधून.

निनादनं दार उघडलं. स्टँड. डबी. दुसरं काही नाही.

"केबल लूज. एक काम धड येत नाही तुम्हा लोकांना." दार आपटून तो परत बसला.

आता चारही रेषा पडल्या. कोणी डबी मुठीत धरावी, तशा.

मुझम्मिल बाहेर आला. स्क्रीन बघितली. "सर, काम खलास करू. चला."

"गप्प बस, अडाणी." आणि बंद दाराकडे बघून हा शहाणा ओरडला, "कोण आहेस रे? ठेव ते खाली!"

रेषा वर गेल्या.

चारही.

मुझम्मिल पुटपुटत कुराणातली आयत म्हणायला लागला. निनाद हसला. एकटाच. "बघ, ऐकतात मेलेलेसुद्धा." उठला, आत गेला, उजव्या हातानं डबी उचलली.

आणि तसाच उभा राहिला.

"सर?"

"निनाद सर?"

"मुझम्मिल..."

"जी."

"माझा हात... सोडव."

समोर कोणी नव्हतं.

मुझम्मिलनं कमरेला धरून ओढलं त्याला. डबी पडली. जिने उतरताना लहान मुलासारखा रडत होता म्हणे. त्याची कीव करावी असं मला तेव्हाही वाटलं नाही.

हातावर ओरखडाही नव्हता. डॉक्टरांना काही सापडलं नाही. पण उजव्या हातात मोबाईल धरला की सिग्नल जातो. डाव्या हातात येतो. बायकोनं तोच मोबाईल घेतला तरी येतो. त्यानं फोन बदलले, सिम बदलली. शेवटी मुझम्मिलनं ऑफिसच्या लॅबमध्ये त्याच्या उजव्या हातात फोन देऊन मोजलं. मी होतो तिथे. एका हातानं आकडे किती पडतात, ते आम्हाला पाठ आहे.

फोन त्यानं एकट्यानं धरला होता.

आकडे दोन हातांचे आले.