पुलावर उतरून चालायचं

दोन हजार एकोणीस साल. विजेवर चालणाऱ्या, उभ्यानं दामटायच्या स्कूटर शहरात नुकत्याच आल्या होत्या आणि त्यांच्या मागोमाग नियमही. सायकलींच्या पट्ट्यातून खुशाल जा. फुटपाथवर मात्र उतरायचं, स्कूटर हातानं ढकलायची. नदीवरच्या पुलाला पट्टाच नव्हता. म्हणजे अख्खा पूल पायी!

घरोघरी जाऊन जखमांचं ड्रेसिंग बदलणारी एक नर्स होती, ती कसली ऐकतेय? गेली वाऱ्यासारखी पुलाच्या फुटपाथवर... आणि शिट्टी वाजली.

"मॅडम, उतरा."

"अहो, पेशंट खोळंबलेत माझे!"

"इथं आपटलात तर तुमचंच ड्रेसिंग करावं लागेल. पुन्हा दिसलात तर स्कूटर जप्त."

वाहतूक रक्षक होता तो. उन्हानं रापलेला, मिशीआड हसू दडवणारा. ती गाल फुगवून चालू लागली. पुलाच्या सांध्यात चाक अडकलं, तेव्हा त्यानं अलगद उचलून दिलं आणि तसाच सोबत निघाला.

"तुम्ही कुठं निघालात?"

"उतरलेल्या माणसाला सोबत करू नये, असा नियम नाही."

मग रोजच... खाली नदी चमकायची, वाऱ्यानं तिची बट उडायची, आणि तो भलतीकडंच बघत असल्याचं दाखवायचा.

पलीकडच्या काठावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या. त्यांच्या पायाची जखम काही केल्या भरत नव्हती. "काय गं, पूल रोज लांबतोय वाटतं?" त्या विचारायच्या. ही कानापर्यंत लाल.

पण उशीर खराच होत होता. एके दिवशी ती त्याला म्हणाली, "बाईंना दुसऱ्या कुणाकडं सोपवावं लागणार. चालण्यात फार वेळ जातो." बाई सुटल्या, की पूलही सुटला. त्यानं नुसती शिट्टी फुंकून मागची स्कूटर थांबवली. माणसाला काहीच कसं वाटत नाही?

महिन्याभरात पुलावर हिरवा पट्टा आला. रंगवणारा हसत म्हणाला, "तुमच्या शिट्टीवाल्यांनी साहेबांना नुसतं भंडावून सोडलं हो!"

"आता उतरायला नको," रक्षक तिला म्हणाला. "जा, बाई वाट बघत असतील."

"आणि तुम्ही?"

"उद्यापासून दुसऱ्या चौकात. इथं आता माझं काम नाही."

तिचा एक पाय स्कूटरवर, एक जमिनीवर. आपली वाट मोकळी करताना त्यानं स्वतःची बंद केली होती, आणि वर एक शब्द नाही! डोळे भरून आले. ती उतरली.

"अहो, आता नियम—"

"नियम म्हणून का चालत होते मी इतके दिवस?" ती हसली. "तुमच्यामुळं वेळ वाचला ना? मग तो तुमचाच. आज... आणि रोज. चालेल?"

त्यानं मान डोलावली. शब्द मागाहून आले, पुलाच्या पार त्या टोकाला.

लग्न झालं. तो आता शाळाशाळांतून मुलांना रस्त्याचे नियम शिकवतो. तिच्या हाताखाली चार नर्स आहेत. बाईंची जखम भरली. लग्नाला त्या स्वतःच्या पायांनी चालत आल्या. गेल्या वर्षी गेल्या बिचाऱ्या. "या दोघांचं माझ्या पायगुणानं जमलं," असं शेवटपर्यंत ज्याला त्याला ऐकवायच्या. आणि नर्सनं ते कधीच खोडून काढलं नाही.