ऊन लागलेली गिटार

मी जेवायला बाहेर पडायला आणि एमेट माझ्या गिटारदुरुस्तीच्या दुकानात शिरायला एकच गाठ पडली. माझं कपाळ थेट त्याच्या छातीवर!

"लागलं का गं, नोरीन?"

"माझं राहू दे. गिटारला काय झालंय?"

तापलेलं पोर घ्यावं तशी त्यानं ती दोन्ही हातांत धरली होती. तारा ज्या लाकडी पट्टीला अडकवतात तो ब्रिज मागून उचलला गेला होता. वसंतात मीच तो सरसानं चिकटवला होता. अख्ख्या गॅलॅक्स गावात माझं नाक कापलं जायची वेळ!

जेवण राहिलं. बत्ती धरून फटीत पाहिलं, तर सरसाचे बारीक तंतू ताणलेले... म्हणजे तो तुटला नव्हता, वितळला होता.

"गाडीत ठेवली होतीस! भर उन्हात, काचा लावून."

"थोडा वेळच..."

"थोड्या वेळात माझा सरस वितळत नाही. लूएलाच्या दारात असेल गाडी. मग गिटार कशी आठवेल!"

लूएला महिन्यापूर्वी गावात उगवलेली, लाल बुटांची. दर शुक्रवारी दोघं एकाच माइकवर गायचे, गालाला गाल लागेल इतके जवळ. उद्या सकाळी ती गाण्यात नाव काढायला नॅशव्हिलला निघणार होती आणि एमेटला 'चल' म्हणत होती. मी नुसती जळत होते. छोट्या इस्त्रीनं ब्रिज शेकताना माझंच तोंड जास्त तापलं होतं. पातळ सुरी सरकवून तो सोडवला, जुना सरस पुसून काढला.

"उद्या संध्याकाळपर्यंत तारा चढणार नाहीत," मी म्हणाले. "घाई असेल तर दुसरी घे. नॅशव्हिलला काय, ढिगानं मिळतील."

एमेट हसला. मला त्याचं डोकं फोडावंसं वाटलं.

"गाडी कुठे होती सांगू?" त्यानं खिडकीबाहेर बोट दाखवलं. "त्या समोरच्या खाणावळीपुढे. काल दुपारभर. तुझ्याकडे यायचं म्हणून उठायचो... परत बसायचो. केळ्याचं पुडिंग खाऊन खाऊन पोट बिघडलं."

माझे हात थांबले. पण सरस गरम झाला होता, आणि तो कुणासाठी थांबत नाही. मिनिटभरात गार झाला की धरत नाही. ब्रिजखाली सरस लावला, जागेवर बसवला.

"दाब इथे. हलू नकोस!"

त्याची बोटं ब्रिजवर, माझा हात गिटारच्या पोटात, ब्रिज दाबून धरणारा क्लॅम्प आवळत. त्याचा श्वास माझ्या केसांत अडकत होता.

"कशाला यायचं होतं?" मी मान वर न करता विचारलं.

"विचारायला... की मी जाऊ का?"

"मला का विचारतोस?"

"तू 'नको' म्हणालीस, तर थांबायचं होतं."

क्लॅम्प घट्ट बसला. कडेनं सरसाचा थेंब बाहेर आला, तो मी अंगठ्यानं पुसला.

"नको जाऊस," मी म्हणाले. "मला ती तुझ्या शेजारी उभी राहिलेलीसुद्धा बघवत नाही. आणि पुन्हा समोर बसून माझं काम बिघडवू नकोस. सरळ आत ये."

काम संपलं होतं. त्याचा हात मात्र ब्रिजवरच होता. मी त्यावर माझा ठेवला.

"लूएलाला आज सांगतो मी," तो हळूच म्हणाला.

"तू राहू दे," मी म्हणाले. "तिला मीच सांगते."