अकरावं झाड

पतंग वर चढणार, एवढ्यात ड्रेवेसकाकांनी त्याची शेपटी धरली आणि त्याला खाली गवतात ओढलं. शेपटी पिवळ्या फितीची होती. काकांनी ती टरकन तोडून विबकेच्या नाकासमोर नाचवली.

"ही फीत कुठून आणलीस?"

बारा वर्षांच्या विबकेने खरं ते सांगितलं. गेल्या वर्षी उरलेली फीत जुन्या सरपंचांनीच तिला दिली होती. पण ड्रेवेसकाका गावाचे नवे सरपंच होते आणि ऐकून घ्यायची सवय त्यांना अजून लागलेली नव्हती.

एलर्नब्रोक गावात ज्या फळझाडाला पिवळी फीत बांधलेली असेल, त्याची फळं कोणीही खुशाल तोडावीत. फीत नसेल, तर झाडाला हात लावायचा नाही. पुलापासून ओढ्याकाठाने गावाच्या सफरचंदांची एक रांग आहे, तिला दर ऑक्टोबरमध्ये सरपंच फिती बांधतात. रांगेतलं शेवटचं झाड मात्र बेनके आजींचं. त्याला फीत कधीच नसते. त्याची सफरचंदं उशिरा पिकतात. शरदाच्या सुट्टीत आजी ती लोणी आणि मनुका भरून भट्टीत भाजतात आणि दार वाजवणाऱ्या प्रत्येक मुलाला एकेक देतात. गरम सफरचंद या हातातून त्या हातात नाचवत, बोटं भाजून घेत खायचं, याचसाठी मुलं सुट्टीची वाट बघायची.

यंदा आजींच्या झाडाला कोणीतरी फीत बांधली होती! लोकांना वाटलं, आजी थकल्या, यंदा झाड गावाला दिलं असेल. एका दुपारीत झाड रिकामं झालं.

"हे या पोरांचंच काम," ड्रेवेसकाकांनी भर रस्त्यात जाहीर केलं. "फुकट सफरचंदं हवी होती, दुसरं काय!" शिक्षाही तिथेच ठरली. शनिवारी सफरचंदांचं गाळप होतं, तिथे विबके, तिचा धाकटा भाऊ योरिट आणि मित्र टिलो या तिघांपैकी कोणी फिरकायचं नाही. म्हणजे यंत्राचा दांडा फिरवायचा नाही आणि ताज्या रसाचा पहिला पेलाही नाही.

विबके धावत बेनके आजींकडे गेली. आजींनी दार अर्धंच उघडलं. तिच्याकडे न बघता त्या एवढंच म्हणाल्या, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, विबके." आणि दार लागलं.

विबकेला काकांचा राग आला होताच, पण आजींचा त्याहून जास्त आला. लहानपणापासून ती त्या घरात जात होती. एकदा विचारायला काय झालं होतं?

ओढ्याकाठच्या वाटेवर पानांचे ढीग साचले होते. योरिट आणि टिलो एरवी त्यांत लोळले असते. आज तिघं नुसती लाथा मारत चालली होती. योरिटने तर प्रत्येक ढिगाला ड्रेवेसकाकांचं नाव देऊन लाथ घातली. तिसऱ्या ढिगाला घातली आणि पाय धरून मटकन खालीच बसला.

"या काकांच्या पोटात दगड आहे," तो कळवळून म्हणाला.

टिलोने पानं बाजूला सारली. दगड नव्हता, झाडाचा खुंट होता. मार्चच्या वादळात इथलं सफरचंदाचं झाड पडलं होतं आणि त्याची लाकडं टिलोच्याच घरी जळणाला गेली होती.

विबके खुंटाकडे बघत राहिली. मग तिने पुलापासून झाडं मोजली. मोजून झाल्यावर पुन्हा मोजली आणि तडक अग्निशमन केंद्राकडे निघाली. तिथल्या फलकावर काचेआड सरपंचांची यादी लावलेली होती. 'पुलापासून अकरा झाडं, फीत बांधणे.' वर तारीख गेल्या वर्षीची!

शनिवारी मनाई असूनही तिघं गाळपाला गेली. अंगणात सारं गाव जमलेलं होतं, बाकावर बेनके आजीही होत्या. ड्रेवेसकाका पुढे झाले, तशी विबके मोठ्याने म्हणाली, "आम्ही निघतोच. तुम्ही फक्त एकदा पुलापासून अकरा झाडं मोजून दाखवा."

सगळे बघत होते, त्यामुळे काकांना जावंच लागलं. एक, दोन, तीन, ते मोजत चालले आणि गाव मागून. दहाव्या झाडाशी गावाची झाडं संपली. अकरावं झाड बेनके आजींचं होतं.

"खुंटासकट मोजलं तरच गावाची अकरा होतात," विबके म्हणाली. "काका, तुम्ही फिती बांधायला चालत आला होतात का?"

काकांनी मान खाली घातली. दर वेळी गाडीतून उतरून, फीत बांधून पुन्हा बसलो, यादी जुनीच वापरली, असं त्यांनी कबूल केलं. पानांखालचा खुंट गाडीतून दिसणार कसा! आणि फीत बांधल्या बांधल्या त्या झाडाच्या सफरचंदांच्या दोन पेट्या सगळ्यात आधी त्यांनीच भरल्या होत्या. त्या अजून यंत्राशेजारी पडून होत्या.

लोकांनी मुलांना शाबासकी दिली. शाळेच्या बाईंनी टिलोची पाठ थोपटली, योरिटच्या सुजलेल्या अंगठ्याचं कौतुक झालं. विबके हसली नाही.

"मला शाबासकी नको," ती म्हणाली. "आळ भर रस्त्यात घेतलात ना? मग आता इथेच, तेवढ्याच मोठ्याने सांगा."

ड्रेवेसकाकांनी सांगितलं. चूक माझी होती, मुलांची नव्हती. आवाज तेवढा मोठा नव्हता, म्हणून विबकेने पुन्हा सांगायला लावलं. मग दोन्ही पेट्या त्यांनी स्वतः उचलून आजींच्या घरी नेल्या. चालत.

संध्याकाळी भट्टीतून दालचिनीचा वास येत होता. आजींनी पहिलं सफरचंद विबकेपुढे ठेवलं. तिने हात लावला नाही.

"आजी, तुम्ही मला विचारलं का नाहीत?"

"चुकले मी," आजी म्हणाल्या. "आधी तुला विचारायला हवं होतं."

मग त्यांनी काकांनी पेट्यांबरोबर आणून दिलेली, तोडलेली पतंगाची शेपटी खिशातून काढली आणि विबकेला घेऊन झाडाशी गेल्या. सगळ्यात खालच्या फांदीला त्यांनी ती पिवळी फीत बांधली, नीट दुहेरी गाठ मारून. पुढच्या वर्षीपासून ही फांदी मुलांची, त्यांनी सांगितलं.

विबकेने गाठ ओढून बघितली. पक्की होती. मग ती आत गेली आणि बोटं भाजून घेत सफरचंद खाऊ लागली.